डेटा सेंटरची लाईट जाते तेव्हा... आणि परत येते तेव्हा

दिवाभीत (धागाकर्ता)

परवा यूपीआयच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "डेटा सेंटरला काय, जनरेटर असतोच की मोठा, लाईट गेली की आपोआप चालू". तिथे उत्तर द्यायला बसलो आणि प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढायला लागला म्हणून वेगळा धागा काढतोय. मी नवी मुंबईत एका डेटा सेंटरच्या फॅसिलिटी टीममध्ये आहे, म्हणजे सर्व्हरवाला नाही, सर्व्हरला वीज आणि गार हवा पुरवणारा. एरवी आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कोणी नावानिशी फोन केला की समजायचं काहीतरी बोंबललंय. कंपनीचं नाव विचारू नका.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. मुंबईकरांना आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, सिग्नल गेले, घरून काम करणाऱ्यांचे वायफाय गेले. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या लाइन एकामागून एक बाहेर पडल्या, आणि मुंबईसाठी जी आयलंडिंगची सोय केलेली आहे (बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे-डहाणूच्या विजेवर तग धरायचा) तीही त्या दिवशी कामाला आली नाही.

मी तेव्हा डीजी यार्डात होतो (डीजी म्हणजे डिझेल जनरेटर). ट्यूबलाइट गेली आणि मी मनात आकडे मोजायला लागलो, ही सवय आता घरी पण लागलीय, बायको हसते. चार डीजी, प्रत्येकी २००० केव्हीए. गरज तिघांची, चौथा राखीव. चौघांनाही एकदम स्टार्टचा हुकूम जातो. तीन उठले, तो घुमणारा आवाज छातीत बसतो अगदी. चौथ्याने कट्-कट् केलं आणि गप्प. परत कट्-कट्. परत गप्प. तिघे सिंक झाले आणि चौदाव्या सेकंदाला लोड त्यांच्यावर आला. आत हॉलमध्ये एकही सर्व्हर हलला नाही, ग्राहकांना पत्ता नाही.

चौथ्याला काय झालं होतं? इंजिन नवंकोरं, डिझेल भरलेलं, कूलंट गरम ठेवायचा हीटर चालू. स्टार्टिंग बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला, बस. कोट्यवधींचं मशीन आणि अडलं कुठे तर ट्रकला असते तसल्या बॅटरीच्या लगवर. मेंटेनन्सच्या चेकलिस्टवर त्या रकान्यात टिक होती, अर्थातच.

सांगायचा मुद्दा, जनरेटर असणं ही गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे. लाईट जाणं आणि जनरेटरने लोड घेणं यातले ते १०-१५ सेकंद, आणि नंतर लाईट परत येते ती वेळ, या दोन फटींमध्ये सगळी मजा आहे. दुसरीबद्दल नंतर लिहितो, ड्युटीवर निघालोय. क्रमशः म्हणा हवं तर.

---

मोगरा

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. पण ते १४ सेकंद सर्व्हर कशावर चालले? यूपीएस ना? माझ्या घरच्या यूपीएसवर कॉम्प्युटर पाच मिनिटंसुद्धा चालत नाही.

---

दिवाभीत

हो, यूपीएसवरच. पण घरचा यूपीएस लाईट गेल्यावर बॅटरीकडे उडी मारतो. आमचा कायमच मधे बसलेला असतो, बाहेरून येणारी एसी वीज घेऊन तिची डीसी करतो, त्या डीसीची परत स्वच्छ एसी वीज करतो आणि बॅटरी त्या डीसीच्या बसवर चोवीस तास टांगलेली. त्यामुळे लाईट गेली तरी उडी मारायचा प्रश्नच नाही, खालून आधार असतोच. त्यासाठी चोवीस तास थोडी वीज वाया जाते, ती किंमत मोजायची.

बॅटरी म्हणजे १२ व्होल्टच्या चाळीस एका माळेत. माळच म्हणायचं, कारण त्यातली एक खराब झाली की माळ तुटली. बाकीच्या एकोणचाळीस ठणठणीत असून उपयोग शून्य. आणि वाईट भाग असा की चार्जिंगवर असताना ती खराब बॅटरी अगदी शहाण्या मुलासारखी १३.५ व्होल्ट दाखवते. तिचं खरं रूप लोड पडल्यावरच कळतं. म्हणून तिचा अंतर्गत रोध मोजत राहायचा, आणि एखादीचा आकडा शेजारणींपेक्षा वर जायला लागला की तिला काढायचं. बॅटरी रूम २५ अंशावर ठेवायची. ८-१० अंश जास्त ठेवलीत की आयुष्य अर्ध्यावर. एसीचं बिल वाचवतो म्हणून बॅटरी रूमचा एसी बंद करणारे महाभाग मी पाहिलेत.

बॅकअप किती? बहुतेक ठिकाणी ५ ते १५ मिनिटं. लोक म्हणतात एवढंच? अहो डीजी १५ सेकंदात आला नाही तर पुढच्या दहा मिनिटांत माणसाने पळत जाऊन तो चालू करायचा, त्यासाठी ती मिनिटं.

---

विजयी_विरोधक

एवढं सगळं डिझेल जाळण्यापेक्षा छतावर सोलर का लावत नाहीत ही मंडळी? सगळी लॉबी आहे.

---

नाना_निवृत्त

विरोधकसाहेब, रात्री अडीच वाजता लाईट गेली तर? आणि छताचं क्षेत्रफळ किती, लोड किती, एकदा गणित मांडून बघा. सोलरची वीज ग्रिडमार्फत विकत घेतात ती गोष्ट वेगळी, ती बॅकअप नव्हे. लॉबी असेलही, पण पंधरा सेकंदांत ती उपयोगाची नाही.

मी वीज पारेषणमध्ये तीसेक वर्षं काढली, त्यामुळे त्या सोमवारी घरी बसून रेडिओ लावला आणि हात चोळत बसलो. धागाकर्त्याने म्हटलेली दुसरी फट मी सांगतो. बाळांनो, ग्रिड पडलं की ते स्विच दाबून उभं राहत नाही. एक लाइन चार्ज करायची, तिच्यावर थोडा लोड द्यायचा, मग पुढची. लोड नसलेल्या लांब लाइनचं व्होल्टेज वर चढतं, एकदम लोड टाकला की खाली आपटतं, फ्रीक्वेन्सी डुलते. पहिली दोन-चार वेळा आलेली वीज ही वीज नव्हेच, ती चाचणी असते. त्यात सगळ्या सोसायट्यांचे पंप, एसी, फ्रीज एकदम सुरू होतात, कारण बटण बंद करायची आपल्याला सवय नाही.

---

दिवाभीत

नाना, अगदी हेच. त्या दिवशी दुपारी आमच्या फीडरवर लाईट आली तेव्हा कंट्रोल रूममध्ये टाळ्या पडल्या आणि आमच्या सुपरवायझरने हात वर केला, "कोणी काही करायचं नाही". अर्धा तास नुसता मीटर बघत बसलो. त्या अर्ध्या तासात ती परत एकदा गेली. आम्ही डीजीवरच होतो म्हणून फरक पडला नाही. लगेच घेतली असती तर डीजी बंद व्हायच्या बेतात, आणि दुसरा झटका. माझ्या मते लाईट जाण्यापेक्षा येण्याने जास्त घात होतो.

मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं झालं ते असंच. हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरला वीज तुटली ती तुटली, पण नंतर ती शिस्तीत टप्प्याटप्प्याने न देता एकदम परत दिली गेली आणि खरं नुकसान तिथे झालं, असं त्यांच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं. सुट्टीचा वीकेंड, ७५ हजार प्रवासी अडकले. ना वादळ, ना पूर.

---

अॅशबर्नची_आत्या

मी अमेरिकेत व्हर्जिनियात राहते, अॅशबर्नला. आमच्याकडे देवळापेक्षा डेटा सेंटर जास्त, मुलांच्या शाळेच्या रस्त्यावरच आठ-दहा असतील. इथली एक गोष्ट सांगते जी धाग्याच्या अगदी उलट बाजूची आहे.

१० जुलै २०२४ ची संध्याकाळ, २३० केव्हीच्या एका लाइनवर लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणारं उपकरण) फुटला. लाइन आपोआप परत जोडून बघते, परत फॉल्ट, परत जोडते, असं दीड मिनिटाच्या आत सहा वेळा. घरात आम्हाला काही कळलंसुद्धा नाही. पण डेटा सेंटरच्या यूपीएसना कळलं. काही यूपीएसमध्ये म्हणे असं लॉजिक असतं की एका मिनिटात तीनदा व्होल्टेज डळमळलं की ग्रिड वाईट आहे समजून बॅकअपवर (बॅटरी, मग जनरेटर) जायचं आणि माणसाने येऊन परत आणेपर्यंत तिथेच राहायचं. साठेक डेटा सेंटर एकदम ग्रिडवरून उतरली, १५०० मेगावॅट लोड एका झटक्यात गायब. आता लोड गेला की व्होल्टेज वर जातं, ते सावरताना ग्रिडवाल्यांची धावपळ. म्हणजे यूपीएसने स्वतःचं अगदी चोख काम केलं आणि त्यामुळेच बाकीच्यांच्या जिवाला घोर. नवऱ्याच्या ऑफिसात महिनाभर हाच विषय होता.

---

नाना_निवृत्त

आत्याबाई, हा किस्सा बहुमोल. आमच्या काळी लोड म्हणजे गिरण्या, ते आपले हळूहळू हलायचे. हे सगळे एकसारखे, एकाच सेटिंगचे, आणि सगळे एकाच गावात. ऐरोली-महापे-रबाळेकडे पण आता तेच होतंय, टीटीसीत (ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात) जिथे केमिकल कारखान्यांच्या चिमण्या होत्या तिथे बिनखिडक्यांच्या इमारती. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला येतात, बँका-शेअर बाजार जवळ, म्हणून सगळे इथेच. एकाच भागात एवढा नाजूक लोड, त्या सेटिंगवर कोणी एकत्र बसून बोललंय का, हे विचारायला हवं.

---

खडूस_ताई

मी बँकेत आयटी बघते (कुठली ते नाही सांगणार). दिवाभीत यांनी फॅसिलिटीची बाजू छान मांडली, पण निम्मी पापं आम्हा सर्व्हरवाल्यांची असतात हे कबूल करते. रॅकमध्ये (सर्व्हरचं कपाट) विजेच्या दोन पट्ट्या असतात, ए आणि बी, दोन वेगळ्या यूपीएसमधून आलेल्या. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, एक वायर ए मध्ये एक बी मध्ये. ए मेलं तरी बी आहे. किती सुंदर.

आता प्रत्यक्ष. एकदा ए बाजू मेंटेनन्ससाठी बंद केली आणि आमचे अकरा सर्व्हर जागच्या जागी ठार. का, तर कोणीतरी घाईत दोन्ही वायरी ए मध्येच खोचलेल्या, कारण बी ची पट्टी मागच्या बाजूला होती आणि वायर पोचत नव्हती! दोन फूट वायर कमी पडली. त्यानंतर दुसऱ्या एका रॅकमध्ये वेगळीच गंमत, ए वर ६० टक्के, बी वर ६० टक्के, डॅशबोर्डवर दोन्ही हिरवे. ए गेलं, सगळा भार बी वर, १२० टक्के, ब्रेकर पडला, दोन्ही गेले. तेव्हापासून कुठलीही पट्टी चाळीसच्या वर गेली की मी आरडाओरडा करते, म्हणून हे नाव पडलंय.

---

बाराभाई

हसून हसून पुरेवाट @ दोन फूट वायर.

अवांतर: ते लाल बटणाचं पण सांगा कोणीतरी. दाराजवळ असतं ते.

---

दिवाभीत

ईपीओ. इमर्जन्सीला सगळी वीज एकदम तोडायचं बटण. दाराजवळ असतं, आणि दार उघडायचं बटणही दाराजवळच असतं. पुढचं सांगायला नको. आता त्यावर झाकण असतं, झाकण उघडलं की भोंगा वाजतो. ते झाकण का आलं असेल याचा विचार करा :)

---

मोगरा

आणि डिझेल किती पुरतं? त्या सोमवारी दुपारी किंवा संध्याकाळी आली तरी लाईट. दोन दिवस गेली तर?

---

दिवाभीत

ढोबळ हिशोब सांगतो. एक लिटर डिझेलला साधारण ३.५ ते ४ युनिट. आमचा लोड तेव्हा ३६०० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तासाला साडेनऊशे-हजार लिटर. प्रत्येक डीजीजवळ ९९० लिटरची डे टँक, हा विचित्र आकडा कुठून आला तर परवान्याच्या नियमांतून, हजाराच्या आत राहायचं म्हणून. त्यावर मोठा साठा ठेवायचा तर पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) परवाना. आमच्या जमिनीखालच्या टाक्या मिळून ४० हजार लिटर, म्हणजे चाळीस तास. टिअर थ्री, टिअर फोर जे म्हणतात (डेटा सेंटरच्या भरवशाच्या पायऱ्या) त्यात किमान १२ तासांचा साठा जागेवर लागतो.

पण साठा म्हणजे फक्त आकडा नाही. डिझेल पडून राहिलं की खाली पाणी साठतं, त्यात शेवाळासारखं काहीतरी वाढतं, तो गाळ फिल्टरला बसतो आणि डीजी चालू होऊन विसाव्या मिनिटाला खोकत बंद पडतो. म्हणून मधूनमधून डिझेल गाळून घ्यायचं. आणि रिकाम्या लोडवर दर आठवड्याला दहा मिनिटं डीजी फिरवून "टेस्ट ओके" लिहिणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्याने इंजिनात न जळलेलं डिझेल आणि काजळीच साठते. खरा लोड द्या, नाहीतर लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम लोड देणारं यंत्र) भाड्याने आणा.

---

नाना_निवृत्त

पेसोचं मुख्यालय आमच्या नागपुरात, एवढं तरी लिहायचंत. :)

आणि टाकी जमिनीखाली म्हणता, तर पंप कुठे आहे? २०१२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं तेव्हा मॅनहॅटनच्या एका इमारतीत जनरेटर सतराव्या मजल्यावर, सुरक्षित. पण डिझेल वर चढवणारा पंप तळघरात, तो पाण्याखाली. मग तिथल्या माणसांनी बादल्या-डब्यांतून डिझेल सतरा मजले जिन्याने वर वाहून नेलं, रांग लावून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झालेल्या शहरात राहून तळघरात पॅनल ठेवणारे आर्किटेक्ट मी पाहिलेत म्हणून विचारलं.

---

दिवाभीत

पंप पहिल्या मजल्यावर आहे नाना. खरं सांगायचं तर आधी तळमजल्यावरच होता. एका जुलैत गुडघाभर पाणी आत आलं आणि मग हलवला.

---

रात्रपाळी

नवीन ठिकाणी सगळीकडे लिथियम बॅटरी लावतायत, जागा कमी, आयुष्य जास्त. त्यावर काय मत? प्रतिसाद काढून टाकावा लागेल असं काही लिहू नका म्हणजे झालं.

---

दिवाभीत

मत मिश्र आहे. शिसाची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, वजन इतकं की खालची स्लॅब तपासून घ्यावी लागते. लिथियम दहा वर्षं म्हणतात. पण पेटली की विझत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियात पांग्योला बॅटरी रूमला आग लागली, पाणी मारायचं तर वीज तोडा म्हणाले, वीज तोडली आणि काकाओटॉक गेलं. तिकडे ते आपल्या व्हॉट्सअॅपसारखं, टॅक्सीपासून पैशांपर्यंत सगळं त्यावर. सगळं पूर्ववत व्हायला १२७ तासांच्या वर लागले, कंपनीच्या एका सहप्रमुखाने राजीनामा दिला.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच देशात देजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या जुन्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरपासून लांब हलवत असतानाच आग लागली. म्हणजे धोका ओळखून काम चाललेलं, आणि त्या कामातच घात. ७०९ सरकारी यंत्रणा बंद. कर्मचाऱ्यांच्या फाइल ज्या जी-ड्राइव्हवर होत्या, ८५८ टेराबाइट, त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. वीज गेली तर परत येते हो.

त्यामुळे लिथियम लावा, पण वेगळ्या खोलीत, मधे आगीची भिंत, आणि सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून नको.

---

खडूस_ताई

+१. आणि गार हवेचं राहिलं तुमचं.

---

दिवाभीत

हो राहिलंच. यूपीएसवर सर्व्हर असतात, चिलर (गारव्यासाठी पाणी थंड करणारी यंत्रं) नसतात, एवढे मोठे मोटर यूपीएसला झेपत नाहीत. म्हणजे लाईट गेली की सर्व्हर चालू, तापत राहणार, आणि चिलर बंद. डीजी आल्यावरही चिलर लगेच उठत नाही, त्याचा स्वतःचा नखरा असतो, काही मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात भरगच्च रॅकमध्ये तापमान बघता बघता वर जातं. म्हणून गार पाण्याची मोठी टाकी ठेवतात आणि पंप व पंखे यूपीएसवर घेतात, चिलर उठेपर्यंत साठलेलं गार पाणी फिरवायचं. पूर्वी रॅकला पाच-सहा किलोवॅट असायचे तेव्हा चालून जायचं. आता एआयवाले एका रॅकमध्ये त्याच्या कितीतरी पट कोंबतात, तिथे विजेच्या आधी गारव्याचा जीव जातो.

---

इचलकरंजीची_कुसुम

तुमची मोठी मोठी मेगावॅटची बोलणी चाललीत, त्यात माझा छोटा प्रश्न. आमचं छोटं पॅथॉलॉजी लॅब आहे, रिपोर्टचा कॉम्प्युटर आणि नमुन्यांचा फ्रीज इन्व्हर्टरवर. नवीन होता तेव्हा चार तास चालायचा, आता वीस मिनिटांत टीं टीं करतो. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. बदलू का?

---

नाना_निवृत्त

थांबा, लगेच पैसे घालू नका. बॅटरी ट्युब्युलर आहे का, वर सहा झाकणं? पाण्याची पातळी दाखवणारे तरंगे दिसतात का? शेवटचं पाणी कधी घातलं?

---

इचलकरंजीची_कुसुम

घालायचं असतं होय? तीन वर्षं झाली. आता टॉर्च लावून बघितलं, आत पट्ट्या कोरड्या दिसतायत वरून.

---

दिवाभीत

ताई, डिस्टिल्ड वॉटर आणा, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळेल. पट्ट्या जेमतेम बुडतील एवढंच घाला, रात्रभर चार्ज करा, मग खुणेपर्यंत. हातात ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा, जवळ उदबत्ती-काडेपेटी नको. टर्मिनलवर थर असेल तर पुसून व्हॅसलीन लावा. तीन वर्षं कोरडी राहिली असेल तर पूर्ण वाचेलच असं नाही.

---

नाना_निवृत्त

आणि नळाचं पाणी घालू नका. क्षार असतात त्यात.

---

इचलकरंजीची_कुसुम

नाना तुमचा प्रतिसाद उशिरा वाचला.